येणाराचं डावं

वजनकाट्यावर कापसाचा ट्रॅक्टर उभा होता, पेटीतला लाल आकडा केव्हाच थांबला होता, आणि शेखरला तो दिसत नव्हता. ट्रॅक्टरवाल्यानं खिडकीतून विचारलं, किती भरलं भाऊ. मग काचेवर किल्ली वाजवली. मग मागच्या गाडीवाल्याला म्हणाला की बाबू डोये उघडे ठेवून झोपला वाटते. तेव्हा शेखरनं आकडा लिहिला, चिठ्ठी फाडून दिली, पुढच्या गाडीला हातानं थांब म्हटलं आणि फोन पुन्हा कानाला लावला. बोलायला नाही, ऐकायला. ‘आभाळखेळ’ ग्रुपवर रविवारी टाकलेली ती चित्रफीत त्यानं आज सोमवारी उघडली होती. रिमोटवर उडवायची विमानं करणाऱ्या हौशी लोकांचा ग्रुप. कुणी अकोल्याचा, कुणी जालन्याचा, एक साताऱ्याचे डॉक्टर; कुणी कुणाला भेटलेलं नाही, पण एकमेकांच्या विमानांचे पंख ओळखतात. चित्रफीत टाकली होती प्रतीक्षा नावाच्या नव्या मुलीनं. कापणी झालेलं शेत, फिकट आभाळ, पांढरं फोमचं विमान. ते नीट गेलं, नीट वळलं, आणि माघारी येताना लडबडलं. एक पंख खाली, मग झटक्यानं वर, मग पुन्हा खाली. खाली नेहमीची थट्टा सुरू झालेली. अकोल्याच्या गोकुळनं लिहिलं होतं, ताई, विमान पिऊन घरी आलं का. दुसऱ्यानं लिहिलं होतं, तेरवीले बोलवजा. विमान पडलं की तुकड्यांचा फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी तेरवीची तारीख विचारायची, हा तिथला रिवाज. पण शेखरचं लक्ष चित्राकडे नव्हतं. वाऱ्याच्या घोंघावण्याखाली, मुलीच्या श्वासाच्याही मागे, एक पुरुषी आवाज होता. जाड, ओला, तोंडात घास ठेवून बोलावं तसा. आणि तो गात होता.

जाणाराचं डावं, तेच माझं डावं,
येणाराचं डावं, उजवं गं.

हे चार तुकडे जगात दोघांनाच ठाऊक होते. त्यातला एक इथे नांदुऱ्याच्या जिनिंगमध्ये काट्याच्या खोलीत बसलेला होता.

दुसरा राम, त्याचा गावाकडचा दोस्त; पण हा आवाज रामचा नव्हता. रामचा आवाज पातळ, उंच. वडनेर भोलजीच्या ह्या वावरातून त्या वावरात जाणारा. शेखरनं पुन्हा ऐकलं. बाहेर कापसाचे पुंजके उडत होते, एक खिडकीच्या गजाला अडकून थरथरत होता, आणि त्याच्या नाकात कुठून कोण जाणे जळालेल्या एरंडेलाचा वास आला. आता कुणाच्याच विमानात एरंडेल नसतं. आता बॅटऱ्या असतात, मोटर डासासारखी गुणगुणते, वास येत नाही, धूर येत नाही, हाताला काही लागत नाही. ते दोघं गावात उडवायचे त्या वेळचं इंजिन मुठीएवढं होतं, मिथेनॉल आणि एरंडेल पिऊन चालायचं, आणि चाललं की असं ओरडायचं की वेशीजवळची कुत्री पळत सुटायची. शर्टाच्या बाह्या तेलानं चिकट व्हायच्या. त्याची आई पुष्पाबाई म्हणायची, लेका, तुले जुलाब झाले का इंजनले, एवढं एरंडेल लागते कायले.

रामचे मामा मुंबईला गोदीत होते. त्यांनी कुठूनसा एक वापरलेला संच आणून दिला होता; पेटीएवढा रिमोट, मासे धरायच्या गळाच्या काठीसारखी लांब तार, आणि दोन दांड्या. वेग उजव्या हाताच्या दांडीवर, नाक वर-खाली करणं आणि वळवणं डाव्या हाताच्या. तो संच तसा होता म्हणून ह्या दोघांचे हात तसे झाले. शिकवायला कुणी नव्हतं. थर्माकोलचे पंख, टोपल्या विणणाऱ्यांकडून आणलेल्या कामट्या, पतंगाचा कागद. आणि उडवायला रामच्या वडलांचं, उकंडरावांचं, ज्वारी काढून मोकळं झालेलं वावर. उकंडराव बांधावर उभे राहून म्हणायचे, पतंगाचं वय गेलं, लग्नाचं आलं, अन् हे दोघं आभायात बोटं घालून राह्यले. तरी इंजिन सुरू झालं की बैल धरून थांबायचे, विमान वर चढलं की टोपी मागे सरकवून बघायचे. पहिली कितीतरी विमानं माघारी येतानाच पडली. जाताना काही होत नसे. विमान तुमच्यापासून दूर जातं तेव्हा त्याचा डावा पंख तुमच्या डाव्या बाजूला असतो. तुम्ही जणू त्याच्या पाठीवर बसलेले असता. पण ते वळून तुमच्याकडे यायला लागलं की सगळं आरशासारखं उलटतं. तुम्ही डावीकडे सावरता, ते तुमच्या उजवीकडे कलतं, तुम्ही घाबरून आणखी सावरता, आणि ते आणखी कलत कलत जमिनीत शिरतं. डोक्याला हे लगेच कळलं. हाताला कळेना. हाताला काय सांगायचं असलं तर गाऊन सांगावं लागतं, हे रामचं म्हणणं. तेव्हा संध्याकाळी पुष्पाबाई ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत बसलेली, नांदुऱ्याच्या बाजाराला न्यायच्या, आणि बोटं चालायला लागली की तिचं तोंड आपोआप चालायचं.

माहेरी जाणारी, हलकं पाऊल,
सासरी येणारी, जड पाय.

ती ओवी रामनं तिथल्या तिथं मोडून घेतली. पुष्पाबाई हसून हसून जुडीची सुतळी विसरली. पोट्टे बाईमाणसावानी गं म्हणतेत, म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी दोघं वावरात शेजारी उभे राहिले, एकाच्या हातात रिमोट, दुसऱ्याच्या तोंडात ओवी, आणि विमान माघारी येताना पहिल्यांदा सरळ आलं. डोक्यावरून गेलं तेव्हा एरंडेलाचे बारीक थेंब तोंडावर पडले. त्यानंतर नेमच झाला. जो उडवील त्यानं गायचं नाही, दुसऱ्यानं गायचं. ज्याच्या हातात विमान आहे त्याला श्वास घ्यायचीही फुरसत नसते.

गाड्यांची रांग लागली होती. शेखर आकडे लिहीत गेला. भरलेली गाडी, रिकामी गाडी, मधला फरक. हे काम त्यानं इतकी वर्षं केलं होतं की हात एकटाच करायचा, आणि मन मोकळं सुटून कुठेही चरायला जायचं. आज ते एकाच बांधावर जाऊन उभं राहिलं. राम पुण्याला कारखान्यात लागल्यानंतरचा तो हिवाळा. राम सुटीत आला तो स्वतःचा नवा संच घेऊन, चकचकीत, हलका. पुण्यात टेकडीमागे मैदान होतं, क्लब होता, शिकवणारे होते. त्यानं विमान वर नेलं, मोठी गिरकी घेतली, आणि घे बे म्हणत रिमोट शेखरच्या हातात दिला. विमानाचं नाक किंचित खाली गेलं होतं. काही विशेष नाही. शेखरच्या डाव्या हातानं दांडी मागे ओढली, नाक वर यायला हवं होतं, आणि इंजिन गप्प झालं. पुण्याच्या संचात वेग डाव्या हाताला होता आणि नाक उजव्या. हे कळायला जो क्षण लागला तेवढ्यात विमान शेजारच्या वावरातल्या जानरावच्या विहिरीच्या कठड्यावर आपटलं. पंखाचा तुकडा विहिरीत पडला आणि पाण्यावर तरंगत राहिला. राम रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं तुकडे गोळा केले, मातीचं ढेकूळ पायानं फोडलं आणि अगदी मायेनं म्हणाला,

“तुहा हात बदल बे आता. सारी दुनिया अशी उडवते. हा गावातला हात घेऊन कुठं जाशीन?”

“मी कुठं जाऊन राह्यलो?” शेखर म्हणाला.

झालं एवढंच. भांडण नाही, शिवी नाही. रामनं बसस्टँडवर खांद्यावर हात ठेवला होता, शेखरनं पिशवी आत दिली होती. मग पत्रं विरळ झाली, लग्नपत्रिका आली तेव्हा जिनिंगचा हंगाम होता, फोन आले तेव्हा दोघांकडे एकमेकांचे नंबर नव्हते. माणसं तुटतात तेव्हा आवाज होतो असं नाही. सुतळी सैल होते आणि जुडी एकेक काडीनं सुटत जाते. पुढं नवे संच मिळायला लागले, त्यात हवा तो हात लावून घेता येतो. शेखरनं आपला जुनाच लावून घेतला. ग्रुपवर कुणीतरी त्याच्या रिमोटचा फोटो पाहून विचारलं, काका, हे उलटं काऊन. तेव्हापासून तो उलटे काका. त्याला ते आवडायचं. आवडायचं म्हणजे, त्या नावामागे एक दुखरी जागा होती, आणि तिच्यावर रोज कुणीतरी नकळत बोट ठेवत होतं, आणि ते बोट ठेवणं त्याला हवं होतं.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा प्रतीक्षानं ग्रुपवर पुन्हा काही लिहिलं होतं. थट्टेबद्दल सगळ्यांचे आभार, पण एक विचारायचं होतं. विमान तिचं नाही, बाबांचं. बाबांना मागच्या वर्षी अर्धांगवायू झाला, उजवा हात चालत नाही. ते शेतात खुर्ची टाकून बसतात आणि ती उडवते ते बघतात. एका हातानं उडवता येईल असं काही असतं का? थट्टा तिथं थांबली. गोकुळनं हात जोडल्याचं चित्र टाकलं. डॉक्टरांनी लिहिलं, परदेशात एका दांडीचे संच मिळतात. कुणी म्हणालं पायानं, कुणी म्हणालं दोन्ही गोष्टी एका दांडीवर आणायला संच उघडावा लागेल. अर्धांगवायू वाचल्यावर तो जाड, ओला आवाज कुणाचा हे शेखरला कळलं होतं; तो वाचत होता आणि त्याच्या हाताला उत्तर माहीत होतं. जुना हात. नाक आणि वळण डाव्या दांडीवर; उजवीकडे नुसता वेग, तो शेजारी बसून कुणीही देईल. संच उघडायला नको, परदेश नको. त्यानं लिहायला घेतलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. हे उत्तर घेऊन रामच्या दारात जायचं म्हणजे काय, हे त्याला दिसत होतं. गावातला हात घेऊन कुठं जाशीन, ह्याचं उत्तर इतक्या वर्षांनी, त्याच्या लुळ्या पडलेल्या हातासमोर. लिहिलं नाही तर रामला आभाळ मिळणार नाही. लिहिलं तर ते टोमण्यासारखं पोचेल. त्यानं ग्रुपवर काही टाकलं नाही. मुलीला वेगळा निरोप पाठवून विचारलं, मागे कोण गातं.

तिनं लांब उत्तर दिलं. बाबाच. नाव राम, मूळ गाव वडनेर भोलजी. त्यांचं बोलणं गेलंय, दोन-चार शब्द येतात तेही चुकीच्या जागी, पण ही ओळ पूर्ण येते, न अडखळता. डॉक्टर म्हणाले, बोलणं जातं तेव्हा कधी कधी गाणं मागे राहतं. ती समजत होती की आजीचं गाणं असेल. आता ते सगळे आईच्या माहेरी, रोहिणखेडला राहतात. तिचं काम लॅपटॉपवरचं, ती कुठूनही करते. शेवटी तिनं विचारलं, काका, तुम्हाला ही ओळ माहीत आहे का? शेखरनं विचारलं, त्यांनी कधी शेखर असं नाव घेतलं होतं?  उत्तर आलं, नाही काका. आजारी पडायच्या आधीही नाही.

घरी आल्यावर तो जेवला नाही. रूपालीनं ताट पुढं सरकवलं, तो भाकरीचे तुकडे करत बसला. मग सगळं सांगितलं. विहीर सुद्धा, जी त्यानं तिला लग्नानंतर कधी सांगितली नव्हती. ती ऐकत होती आणि ऐकताना लसूण सोलत होती. रोहिणखेड म्हणजे मोताळ्याच्या पुढं, दोन बस बदलल्या की झालं, एवढं तिनं म्हटलं. शेखर म्हणाला, त्यानं नाव नाही घेतलं कधी. मग ती हसली, आणि तिच्या हसण्यात चीड होती.

“नाव नाही घेतलं अन् गाणं म्हनून राह्यला तो माणूस. तुमाले अजून काय पायजे, तार?”

रविवारी दोन बस. नांदुरा ते मोताळा उभ्यानं, पिशवीत रिमोट, कपड्यात गुंडाळलेला. लोक धक्के देत होते आणि तो पिशवीवर हात आडवा धरून होता, अंडी नेणाऱ्या बाईसारखा. खिडकीतून शेतं मागं जात होती. मागं जाणाऱ्या गोष्टी त्याला नेहमीच जमल्या होत्या. वडनेर त्यानं मनात किती व्यवस्थित ठेवलं होतं. आईची मेथी, उकंडरावांची मागे सरकलेली टोपी, पातळ उंच आवाजाचा राम, सगळं दूर जाणारं आणि म्हणून सरळ, हाताच्या बाजूला हात. त्या रामला काही होत नव्हतं. तो बांधावर उभा होता आणि ज्वारीच्या धसकटांतून अनवाणी पळत होता. आता मात्र काहीतरी समोरून येत होतं, त्याच्याकडे, आणि त्याला कळत नव्हतं कोणत्या बाजूला सावरावं. मोताळ्याच्या स्टँडवर परत फिरावंसं वाटलं. चहा घेतला, तो अर्धा टाकला. रोहिणखेडच्या बसमध्ये जागा मिळाली आणि त्यानं पिशवी मांडीवर घेतली.

प्रतीक्षा रस्त्यावर उभी होती. उंच मुलगी, बापासारखं कपाळ. चालता चालता तिनं सांगून ठेवलं की बाबांच्या शब्दांवर जाऊ नका. हो म्हणतात तेव्हा नाही असू शकतं, नाही म्हणतात तेव्हा हो. हातावर बघा. जुन्या मशिदीच्या पलीकडे, गहू काढलेल्या वावरात, लिंबाच्या सावलीत प्लास्टिकची खुर्ची होती आणि खुर्चीत एक माणूस होता, पांढरे केस, उजवा हात मांडीवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. शेखर पुढं जाऊन उभा राहिला. रामनं पाहिलं. डोळे जुनेच होते, त्यांना काहीच झालेलं नव्हतं, आणि ते बराच वेळ शेखरच्या चेहऱ्यावर फिरत राहिले, विमानाला फट आहे का पाहावं तसे.

“नाही,” राम म्हणाला.

आणि डावा हात पुढं करून त्यानं शेखरच्या शर्टाची बाही धरली. बोटांनी कापड चोळलं, नाकाशी नेलं. तिथं एरंडेल नव्हतं, बसचा धूर होता. तरी त्यानं बाही सोडली नाही.

शेखर खुर्चीच्या उजव्या बाजूला जमिनीवर बसला. रिमोट रामच्या मांडीवर ठेवला, विमान त्याच्याशी जुळवून घेतलं आणि एकेक तार जोडावी तसं सावकाश सांगितलं की डाव्या दांडीवर नाक आणि वळण, ते तुझं. उजवीकडे वेग, तो माझा अंगठा देईल. आपला हात, असं म्हणणार होता; जुना हात, असं म्हणाला. राम रिमोटकडे पाहत राहिला. त्याला समजलं हे शेखरला दिसलं. त्याच्या ओठाची एक बाजू हलली, दुसरी हलली नाही, आणि ते हसू आहे की अपमान हे कळायला पूर्ण चेहरा लागला असता. मग त्यानं डाव्या हाताचा अंगठा दांडीवर टेकवला. प्रतीक्षा विमान घेऊन वाऱ्याच्या तोंडाशी गेली. शेखरनं वेग दिला, तिनं फेकलं, विमान सुटलं, आणि रामच्या अंगठ्यानं दांडी झटकन पुढं ढकलली. पुण्यात इतकी वर्षं त्याच हातानं तो वेग देत आला होता. विमान सुटलं की डावा पुढं. इथं पुढं म्हणजे नाक खाली. विमान पाच-सहा हातही गेलं नसेल, मातीत शिरलं. पंखा तुटून उडाला. वावरात एक टिटवी ओरडत उठली आणि दूर जाऊन बसली.

 शेखर उठला, तुकडे आणायला गेला. विमान फोमचं, त्याला फारसं झालं नव्हतं, नाकावर माती आणि पंखा गेलेला. ढेकळांत पंख्याचं पातं शोधताना त्याला आपल्या पाठीवर रामची नजर जाणवत होती. कुणीतरी तुकडे गोळा करतंय आणि कुणीतरी उभं राहून बघतंय. विहिरीपाशी तेव्हा उभं राहणारा तो होता. आणि तेव्हा रामच्या मनात काय होतं हे त्याला ह्या वावरात वाकलेलं असताना कळलं. तिथं हसणं नव्हतं. पुण्याच्या बसमध्ये एकट्यानं बसायचं होतं म्हणून त्याला शेखरचा हात आपल्यासारखा करून हवा होता. एवढंच. ज्याला जायचं असतं तो म्हणतो, माझ्यासारखा हो.

तो माघारी वळला. प्रतीक्षा खुर्चीजवळ पोचली होती, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून काही म्हणत होती, आणि राम ऐकत नव्हता. त्याची मान रिमोटवर झुकलेली. अंगठा दांडी मागे ओढत होता, सोडत होता, मागे ओढत होता. शेखरच्या हातातल्या विमानाच्या शेपटीची पट्टी वर उचलली जात होती आणि सरळ होत होती. राम विमानाकडे बघतही नव्हता. नुसता हात शिकत होता. घुमत, पुटपुटत, ओवी नाही, शब्द नाहीत, नुसती चाल.

शेखरनं पिशवीतून नवा पंखा काढून बसवला, नाकाची माती शर्टाला पुसली. ऊन तापायला लागलं होतं. प्रतीक्षा हळूच म्हणाली, आज एवढं पुरे, बाबांना दगदग नको. शेखर पुन्हा उजव्या बाजूला मांडी घालून बसला.

“थकला असशीन तर राहू दे बे. मी येतो पुढच्या रविवारी. आज थांबायचं का?”

“हो,” राम म्हणाला. “हो. हो.”

अंगठा दांडीवरून उचलला नाही. तो आता पुढं नव्हता. मागे होता, किंचित, जेवढा हवा तेवढाच. शेखरनं विमान प्रतीक्षाच्या हातात दिलं, वाऱ्याकडे बोट दाखवलं, आणि आपला अंगठा उजव्या दांडीवर ठेवला.